जिन्याचे वेगळे

प्रिय चिमे,

परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, "दादा, एकूण खर्च किती आला?" तिन्ही वेळा मी विषय बदलला. एकदा हवेवर नेला, एकदा तुझ्या शिवणाच्या क्लासवर, आणि तिसऱ्यांदा सरळ फोन तुझ्या वहिनीच्या हातात दिला. तिने जे सांगितलं ते धरून चालू नकोस. कुठलाही खर्च निम्मा करून सांगायची तिची सवय जुनी आहे, पूर्वी साड्यांपुरती होती, आता हाडांपर्यंत आली. म्हणून आज निवांत बसून लिहितो. बसून म्हणजे उंच खुर्चीत. कमी उंचीच्या कशावरही बसायची मला बंदी आहे, त्यामुळे सध्या घरात सगळ्यांशी मी वरूनच बोलतो. वहिनी म्हणते, त्यात नवीन काय?

पडलो कसा ते आधी सांगतो. लोखंडी तिजोऱ्या पाठीवर घेऊन जिने उतरलेला माणूस मी, लोकांचे संसारच्या संसार एका गावातून दुसऱ्या गावी नेऊन लावले, आणि पडलो कधी, तर पँटीत पाय घालताना. एका पायावर उभा होतो, दुसरा पाय शिवणीत अडकला. पँट तू शिवलेली नव्हती, काळजी करू नकोस. सुकी फळी मोडावी तसा आवाज आला, आणि फरशीवर पडल्या पडल्या मला कळलं की खुबा गेला.

रुग्णवाहिकेवाल्या दोघांचं स्ट्रेचर आमच्या जिन्याच्या वळणावर अडकलं. "तू मागे घे," "अरे, तू आधी उचल," असं त्यांचं बराच वेळ चाललं. शेवटी वहिनीने गोदामात फोन केला आणि आमचा मुकादम पैलवान चार गडी घेऊन आला. त्याने मला रजयांत गुंडाळून पट्ट्यांनी असं आवळलं, की मोडलेला पाय तसूभरही हलला नाही. "काच आहे असं समजा रे, काच!" असं तो ओरडत होता, आणि मी आतून सांगत होतो, "डावा कोपरा उचल, कठड्याला लागेल." एकही ओरखडा न पडता खाली पोचलो. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, स्वतःच माल आणि स्वतःच मालक, असं आजच बघितलं.

माझ्या धंद्याची पद्धत तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाचं घर फिरून बघायचं, एक आकडा मोठ्याने सांगायचा, तो ऐकून त्याचा चेहरा खुलला की उठायचं, आणि दाराशी चपला घालता घालता हळूच म्हणायचं, "जिन्याचे वेगळे." या दोन शब्दांवर मी धंदा उभा केला. तर दवाखान्यातल्या बिलाच्या खिडकीतल्या चष्मेवाल्याने पॅकेजचा आकडा असाच खणखणीत सांगितला, आणि मग कागद जुळवता जुळवता, खाली मान घालून म्हणाला, "इम्प्लांटचे वेगळे." स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मला हसू आलं. आपलाच माणूस! पण गंमत बघ, आजवर एकाही गिऱ्हाइकाने मला कधी विचारलं नाही की बाबा रे, आणखी काय काय वेगळं आहे. आणि मीही त्याला विचारलं नाही. वहिनीकडे बघून मान हलवली, तिने सही केली.

मग एकेक वेगळं निघत गेलं. खुब्यात बसवलेला गोळा वेगळा, रक्त वेगळं, अतिदक्षता विभागातली रात्र वेगळी. निळा टेम्पो आठवतो? तो विकला. पॅकेज त्यात भागलं, गोळ्यापर्यंत आल्यावर वहिनीच्या बांगड्याही गेल्या. विमा म्हणशील, तर टेम्पोंचा होता, टेम्पोतल्या मालाचा होता, गोदामाला आग लागली तर तिचाही होता. माणसांचा विमा विकणारा एक जण दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजला आणि माझा दंड दाखवला.

आणि हे झालं नुसतं ऑपरेशन, म्हणजे माल गाडीत चढला एवढंच. घर लावायचं पुढेच असतं. वरखाली होणारा पलंग भाड्याने, संडासाची उंच बैठक, वॉकर, दिवसभर थांबायला एक बाई, आणि चालायला शिकवायला दुसऱ्या बाई. त्या शिकवणाऱ्या बाई फार कडक. "आजोबा, भिंतीला नाही, वॉकरला धरायचं," म्हणतात. मला आजोबा म्हणणाऱ्या बाईला मी तासाचे पैसे देतो. वर धंदा बसला तो वेगळाच, कारण पैलवानाला माल उचलता येतो, पण गिऱ्हाइकाला आकडा सांगताना तो लाजतो. सगळं धरलं तर घरी आल्यानंतरचा खर्च ऑपरेशनच्या वर गेला. हे तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर.

डॉक्टरांनी नंतर हाडांची तपासणी केली. म्हणाले, हाडं ठिसूळ आहेत, हे घराण्यातलं दिसतं, भावंडं असतील तर त्यांनाही तपासायला सांगा. मग मी बसल्या बसल्या दुसरा हिशोब केला. ही तपासणी, गोळ्या, न्हाणीघरात धरायला दोन दांड्या, वाटेतली पायपुसणी उचलून टाकणं, रात्री जळता राहील असा छोटा दिवा, सगळं मिळून टेम्पोच्या दोन टायरांत बसलं असतं. टायर मी दर पावसाळ्याआधी बदलतो. न चुकता.

घराण्यातलं म्हटल्यावर आई आठवली. तिच्या वेळी खुबा मोडला असं कुणी म्हणालंही नाही. "पाय गेला" म्हणाले आणि खिडकीखालच्या खाटेवर तिला ठेवलं. तिचं सगळं तूच केलंस, आणि त्या खाटेवरून ती परत उठली नाही. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं. पडायच्या आधी कितीतरी दिवस ती घरभर स्टूल ढकलत फिरायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "बसायला लागतं मला, भाजी निवडायला." आणि आपण ते खरं धरलं. ते स्टूल सरकल्याचा आवाज तुझ्याही कानात असेल.

आता मुद्द्याचं. फोनवर बोलताना तू दार उघडायला गेलीस तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी विचारलं तर म्हणालीस, "क्लासच्या बायकांसाठी मांडतेय." चिमे, मी जन्मभर फर्निचर सरकवलंय. रिकामी खुर्ची सरकताना किंचाळते. भार टाकून सरकवलेली खुर्ची थांबत थांबत घासते, आणि प्रत्येक थांब्याला माणूस श्वास घेतो. दारापर्यंत जाताना तू घेतलास, परत येतानाही घेतलास. तेव्हाच कळलं की तू तीनदा विचारलेला तो खर्च माझा नव्हताच. तर ऐक. गोदामाच्या तोंडाशी माझ्या ऑफिसच्या दोन खोल्या आहेत ना, पायरी नसलेल्या, मोठ्या खिडकीच्या, त्या मी रिकाम्या केल्यात. न्हाणीघरात दांड्या बसवल्या, त्याच सुताराकडून शिवणाच्या मशीनला उजेडात जागा करून घेतली. तुझ्या बायकांनाही चार मजले चढायला नकोत. फुकट तू येणार नाहीस, म्हणून भाडं घेईन, घासाघीस चालेल. हाडांच्या तपासणीसाठी बुधवारची वेळ घेतली आहे, ते पैसे तू दे. सोमवारी पैलवान गडी घेऊन येईल. जिन्याचे लावणार नाही, आयुष्यात पहिल्यांदा. दारात भांडू नकोस, तो लाजरा आहे, रिकामा टेम्पो घेऊन परत येईल आणि मला इथून उठता येत नाही. आधी तुला खाली आणतील, मग मशीन, मग कपाट. त्याला एकच गोष्ट बजावली आहे. ती खुर्ची तुझ्या हातातून कुणी घ्यायची नाही. तू स्वतः सोडलीस की मगच ती गाडीत चढेल.

तुझाच,
दादा