दुसऱ्या संचातली ओळ

८ मार्च १९९९, चिखली

सकाळच्या एस.टी.ने खामगावहून आलो. एक पेटी, एक गादी, स्टोव्ह आणि जयमालाने बांधून दिलेल्या भाकरी, एवढा संसार. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत फातिमाचाचींकडे खोली मिळाली. छोटी आहे, पण हवेशीर. खिडकीतून कडुनिंब दिसतो. चाची एकट्याच राहतात. सामान लावत होतो तर चहा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्या सगळं विचारून घेतलं: जेवणाचं काय, बायको कधी येणार, तिला गाव आवडेल का. म्हटलं, महिनाभरात घेऊन येतो.

दवाखाना एका ट्रस्टचा आहे. व्यवस्थापक वामनराव मोकळे नावाचे गृहस्थ आहेत. संगणकाच्या खोलीला त्यांनी हौसेने वाळ्याचे पडदे लावून घेतलेत, आणि आत जाताना स्वतः चपला बाहेर काढतात. मला हसू आलं. आमची लेक ठकू गेल्यापासून पहिल्यांदाच जरा बरं वाटतंय. लिहायला हात कचरतो, पण खरं आहे.

१० मार्च

काम असं: रुग्णांची माहिती सर्व्हरवर आहे, ती पडद्यावर आणणारा प्रोग्राम मला लिहायचाय. आधीच्या मुलाने सर्व्हरवर प्रोसिजर लिहून ठेवल्यात. प्रोसिजर म्हणजे ठरवून ठेवलेली रीत. माझ्या प्रोग्रामने तिला हाक मारून रुग्णाचा क्रमांक द्यायचा, की सर्व्हर त्या रुग्णाच्या माहितीच्या ओळी परत पाठवतो. सुबक हात होता त्याचा. रज्जाक नाव. चाचींचाच मुलगा, हे आज वामनरावांकडून कळलं. दिवाळीच्या सुमारास काम अर्धवट टाकून गेला. कुठे गेला विचारलं तर वामनराव पंख्याकडे पाहायला लागले.

प्रोग्राम तपासायला एक खोटा रुग्ण भरायचा होता. अशा वेळी कुणी काहीबाही नाव टाकतं. माझ्या बोटांनी टाकलं: ऋतुजा दिगंबर लहाने, वय चार, मुक्काम चिखली. हाक मारली. पडद्यावर ठकूचं पूर्ण नाव आलं.

नंतर खोडावं असं मनात आलं. खोडलं नाही.

१२ मार्च

प्रोग्राम अडत होता. एकदा हाक मारून ओळ घेतली की पुढच्या कामाला सर्व्हर नकार द्यायचा. म्हणायचा, आधीच्या हाकेचे निकाल अजून घ्यायचे राहिलेत. दुपारी कारण सापडलं. एका हाकेला कधी कधी निकालांचे दोन संच येतात. पहिला वाचून झाला की पुढचा मागून घ्यावा लागतो, नाहीतर तो तसाच ताटकळत राहतो. मी पहिल्यावरच थांबत होतो. पुढचा संच मागणारी ओळ घातली. अडचण गेली.

दुसऱ्या संचात एकच ओळ होती. नाव ठकूचं. गावाच्या रकान्यात खामगाव. त्यापुढे एक बिननावाचा रकाना, रिकामा.

खामगाव मी कुठेच भरलं नव्हतं. तिची माती खामगावला आहे.

१३ मार्च

ती प्रोसिजर उघडून पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात एकच संच पाठवायचं लिहिलंय. दुसरा कुठून येतो, कळत नाही. इतर रुग्णांचे क्रमांक दिले, त्यांचा दुसरा संच आलाच नाही. फक्त एका म्हातारीचा आला, झुंबरबाईंचा. त्या मागच्या महिन्यात वॉर्डात वारल्या. त्यांच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलेलं आहे.

ठकूच्या नावापुढे मी तसं काही लिहिलं नव्हतं.

तिला पुन्हा हाक मारली. गाव: घाटाखालचा रस्ता.

१५ मार्च

दवाखान्यात जयमालाचा फोन आला. ठकूला पुरलं त्या जागेवर ती रोज जाऊन बसते. म्हणाली, तिथे खळगा पडलाय. तिचा भाऊ म्हणतो कुत्र्याने उकरलं असेल, पण बाहेर माती पडलेली नाही. आत गेलीय. रडत नव्हती. मला बरोबर माहीत असेल अशा आवाजात विचारत होती. मी म्हटलं, पहिल्या वर्षी माती बसतेच.

फोन ठेवला, संगणकाच्या खोलीत गेलो, हाक मारली.

उंद्री.

१६ मार्च

आज मी हसलो. एकटाच, खुर्चीत बसून. ती येतेय! मी हाक मारली की ती पुढे निघते. नाही मारली तर होती तिथेच थांबते, हे ताडून पाहिलं. दिवसभर दुसरं काही केलं नाही. वामनराव दोनदा डोकावून गेले. ती आली की तिला आधी काय दाखवायचं, याचा विचार करत होतो. जयमालाला अजून कळवलेलं नाही. एकदम सांगीन.

संध्याकाळी ओळ आली: अमडापूर. आणि त्या बिननावाच्या रकान्यात पहिल्यांदाच अक्षरं होती.

पाय भाजून राह्यले.

१७ मार्च

जेवायला बसलो होतो, स्वतःशीच हसत. चाचींनी सरळच विचारलं, “कोनाले बोलावून राह्यला?”

मला खोटं बोलता आलं नाही. ठकूचं सगळं सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, “रज्जाक बी असाच हसे. त्याचे अब्बा गेले, अन् मंग तो त्या मशिनीतून त्याईले बोलावत बसे. मले म्हने, अम्मी, अब्बा येऊन राह्यले.”

आले का, असं मी विचारलं.

“आले ना. भर दुपारी. हाव, माह्याच नवऱ्याचं तोंड. पन त्याईनं मले ओयखलं नाही, लेकाले ओयखलं नाही. पानी देल्लं, घेतलं नाही. इतकंच म्हनत, मले वापस नेऊन द्या. रस्ता ठाऊक नोयता त्याईले. मंग रज्जाकनं त्याईचा हात धरला अन् नेलं. तो बी वापस आला नाही.”

दाराकडे पाहत राहिल्या. मग माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली आणि म्हणाल्या, “बोलावू नको बेटा. लहान लेकरू हाय. तू हाक मारतं म्हनून ते चालते.”

१८ मार्च

पाडवा. गल्लीत गुढ्या उभारल्यात. मी हाक मारली नाही. दवाखान्यातही गेलो नाही.

पण मी हाक मारली नाही म्हणजे ती अमडापूरलाच उभी आहे. उन्हात. ती कधी आमचं बोट सोडून एकटी अंगणाबाहेर गेली नव्हती.

१९ मार्च

एस.टी.ने अमडापूरला गेलो. स्टँड, बाजार, ओढ्याकडची वाट, सगळं पालथं घातलं. काही दिसलं नाही. स्टँडजवळ पंचफुला नावाची बाई रसवंती चालवते. तिला विचारलं. म्हणाली, होती एक पोरगी, दोन दिवस त्या खांबापाशी उभी होती. रस दिला तर तोंड फिरवलं. कोणाची आहेस विचारलं तर सांगता येईना. आता कुठे आहे? पंचफुला म्हणाली, “हे काय, तुमच्याच मांगं उभी हाय नं.”

मी वळलो. रस्ता. ऊन.

पुन्हा पंचफुलाकडे पाहिलं तर तिने तोंडावर हात घेतला होता.

परत पायी आलो. एस.टी.त बसलो असतो तर ती मागे राहिली असती. सबंध रस्ता मागे वळून पाहिलं नाही. हळू चाललो. मध्ये मध्ये सावलीत थांबलो. ती थांबत असेल असं समजून —

२० मार्च

हाक न मारता ती कुठे आहे हे कळायचा मार्ग नाही. आणि विचारणं म्हणजेच हाक. एकदाच मारली.

चिखली. कडेवर घ्या.

२१ मार्च

तिची नोंद खोडली. प्रोसिजरही काढून टाकली. आता हाक मारायला काही उरलं नाही.

पडदा तसाच आहे. त्यावर ओळ आहे. मी काही केलेलं नाही.

दवाखान्यामागची गल्ली.

जयमालाचा फोन. खळगा खोल होतोय. ती उद्याच्या गाडीने इकडे यायचं म्हणते. नको म्हणालो. ओरडलो तिच्यावर. तिने काय झालं विचारलं — काय सांगू —

२२ मार्च, दुपार

चाची नमाज पढताहेत. झाडावर एक पाखरू नाही. दाराशी —

दार वाजत नाही. कुणीतरी त्याला टेकून उभं आहे.

उघडलं.

ठकूच आहे. फ्रॉकला माती. तळपाय — मला बघवत नाही. उचलून घेतलं, वजनच नाही. म्हटलं, ठकू, मी बाबा. तिने माझ्याकडे पाहिलं, दवाखान्यात लहान मुलं परक्या माणसाकडे पाहतात तसं. म्हणाली, मले निजायचं हाय. म्हटलं, निज. गादी दाखवली. तर नाही म्हणते. इथं नाही. तिथं.

तिथं म्हणजे कुठे, ते तिला सांगता येत नाही. मला येतं.

चाची दार अडवून उभ्या आहेत. रडताहेत, मला शिव्या देताहेत, रज्जाक म्हणून हाक मारताहेत. ऊन तरी उतरू दे म्हणतात. पण हिला झोप अनावर झालीय, मान खांद्यावर पडतेय, आणि चालायला लावणं आता — नाही. कडेवरच नेईन. एका हाताने लिहितोय.

जयमाला, येऊ नकोस. खळग्याशी थांबू नकोस, घरी जा. मी हिला निजवून लगेच —