पाळीवरचा वाटा

प्रिय हेमराज,

फोन केला की तू "बाई, मीटिंगमध्ये आहे, बघतो" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे कागदावर लिहायला बसले. अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून माझं मराठी सरकारी झालं आहे, तू हसशील. राग आला की मधेच आपली बोली येईल, ती तशीच वाच. आधी बातमी. आपला तलाव गेला. मागच्या आठवड्यात कंपनीच्या मशीनने पाळीचा बांध कापला आणि सगळं पाणी नाल्याने निघून गेलं. आता तिथे कोळसा खणतील. तुला हे आमच्याआधी ठाऊक होतं, पण घरातलं कोणी गेलं की बहिणीने भावाला कळवायचं असतं, म्हणून कळवते. दुसरं म्हणजे मंगलीचं एक काम तुझ्यावाचून अडलं आहे आणि तिच्या चुलीचा प्रश्न आहे. ते शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर तू तेवढंच वाचशील. तू कागद कसे वाचतोस ते मला माहीत आहे.

तू चिमूरच्या कॉलेजात होतास. ऑगस्टमधला शहिदांचा कार्यक्रम होता आणि साहेब तेव्हा साहेब नव्हते, पहिल्यांदा निवडणुकीला उभं राहू पाहणारा एक घाबरलेला तरुण माणूस होता. भाषणाचे कागद हातात धरून मंडपात घामाघूम झालेला. तू त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालास की भाषण राहू द्या, आधी खाली बसलेल्या त्या म्हातारीच्या पाया पडा, तिचा नवरा बेचाळीसमध्ये तुरुंगात गेला होता. ते पडले, आणि पुढचं भाषण कसंही झालं तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी त्यांनी तुला जीपमध्ये बसवलं ते आजवर उतरवलं नाही. आपले बापूजी पाळीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. मी धावत सांगायला गेले तर म्हणाले, "आपला हेमराज सायबाच्या कानापाशी पोचला, आता काई भेव नाई." भोळा बाप. कानात काय सांगायचं ते ऐकणारा ठरवतो, हे त्याला कुठून कळणार.

मग तू त्यांचा पीए म्हणून मुंबईला गेलास. साहेब आमदार झाले, मंत्री झाले, पडले, पक्ष बदलला, परत मंत्री झाले. ते पडले असताना दुसऱ्या मंत्र्यांनी तुला मागून घेतलं. सरकारं बदलत गेली आणि तुझी खुर्ची तीच राहिली. पेपरात फोटो यायचा त्यात तू कधी पूर्ण नसायचास. साहेबांच्या मागे अर्धा खांदा, एक कान, चष्म्याची एक काच. तो खांदा कापून मी अंगणवाडीच्या कपाटाला आतून चिकटवायची. नवीन मदतनीस आली, साक्षी, तिने विचारलं की हे कोणाचे खांदे आहेत. मी म्हटलं, सरकार ज्यावर उभं आहे ते. गंमत नव्हे, मला खरंच तसं वाटायचं. मोठमोठे अधिकारी साहेबांकडे फाइल नेण्याआधी तुझं तोंड बघायचे म्हणे. आणि तू कधी पैसा खाल्ला नाहीस. दोन खोल्यांत राहिलास. माझी रोशनी माजरीला दिली तेव्हा जावयाच्या नोकरीसाठी तू एक शब्द टाकला नाहीस. तेव्हा मी चिडले, नंतर त्याचाच अभिमान वाटायला लागला. आता वाटतं, खाल्ला असतास तर बरं झालं असतं. तुझ्यावर रागावणं सोपं गेलं असतं.

गावचे लोक कागद घेऊन तुझ्याकडे यायचे. तू सगळ्यांना चहा पाजायचास, कोणाची म्हैस व्याली तेही विचारायचास आणि शेवटी म्हणायचास, बघतो. नाही असं तू कोणाला म्हटलंच नाहीस. माणूस खुशीत परत यायचा. वर्ष उलटलं की त्याला समजायचं की काम झालेलं नाही, पण तोवर राग थंड झालेला असायचा, आणि पुन्हा तोच माणूस नवा कागद घेऊन तुझ्याकडे निघायचा. ही तुझी विद्या. साहेबांनी तुला याच विद्येसाठी ठेवलं होतं हे मला फार उशिरा समजलं.

इथे मात्र तुझा वाटा कधी चुकला नाही. मच्छीमार संस्थेचं जाळं ओढलं की मासोळी पाळीवर ओततात आणि ज्याचं नाव आहे त्याचा वाटा निघतो, तो गावात असो की नसो. संस्थेची वही सांभाळणारे मुखरूकाका नाव घेतात, घरचं माणूस उचलतं. तुझा मी उचलायची. आधी मरळ वाळवून, मुंबईला जाणारा कोणी भेटला की त्याच्याबरोबर पाठवायची. मग तू सांगितलंस की बिल्डिंगमधले लोक वासाची तक्रार करतात, नको पाठवू. तेव्हापासून तुझा वाटा मंगलीकडे जातो. तिचा सुकलू तुला आठवत असेल, सिरोंच्याकडून आलेला घरजावई, डोंगा उलटून तलावात बुडाला तो. परगावचा म्हणून त्याचं नाव संस्थेत लागलं नाही, आणि तो गेल्यावर मंगलीचं कोण लावतो. ती आणि तिची पोरं तुझ्या नावावर जेवतात. मी तुला हे कधी बोलले नाही, कारण तूही वाट्याचं पुन्हा कधी विचारलं नाहीस.

पाळीची दुसरी रीतही तुला ठाऊक आहे. ज्याचा वाटा आपल्या वाट्याशेजारी पडतो त्याच्या तोंडावर चारचौघांत नाही म्हणायचं नसतं. काही असलं तर त्याच्या घरी जाऊन सांगायचं, नाहीतर गप्प राहायचं. त्या रीतीनेच आमची मती घालवली. साहेबांनीच आणलेल्या खाणीची नोटीस आली तेव्हा देवानंदने हरकतीचा अर्ज तयार केला. तुझा पुतण्या म्हणून सांगत नाही, पण चांगला लिहिला होता. सह्या घ्यायला बसला तर मुखरूकाकांनी अर्जाची घडी करून त्याच्याच खिशात परत घातली. म्हणाले, "आपला मानूस बसला आहे ना तिथी. त्याच्या सायबाच्या विरोधात अर्ज केला म्हंजे त्याच्या तोंडावर मारल्यावानी होते. काऊन करता असं?" आणि मग तुझ्याकडे निरोप गेला. तू म्हणालास, बघतो. त्या एका शब्दावर बसून आम्ही हरकतीची मुदत घालवली. शेजारच्या गावांनी ही चूक केली नसती. त्यांचा कोणी माणूस आत बसलेला नव्हता.

मग जनसुनावणी झाली. तू साहेबांच्या मागच्या खुर्चीवर येऊन बसलास आणि मला आधी एवढंच दिसलं की तू बारीक झालास. अधिकाऱ्यांनी विचारलं, कोणाची हरकत आहे का. अख्खं गाव मूग गिळून तुझ्याकडे बघत राहिलं. देवानंद उठायला लागला तर काकांनी त्याचा सदरा धरून खाली बसवलं. तेवढ्यात तू पुढे वाकून साहेबांच्या कानाशी काही बोललास. मंगली मला कोपर मारून म्हणाली, "बाई, तलावाचंच सांगून राह्यला पाहा." आम्हा सगळ्या बायकांना तेच वाटलं. काही जणींनी तर पदर तोंडाला लावला, इतकं भरून आलं. साहेब उठले, नमस्कार केला आणि सुनावणी संपली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की ग्रामस्थांची हरकत नाही. सोबत फोटो होता, आणि त्यात पहिल्यांदाच तू पूर्ण होतास, साहेबांच्या कानाशी वाकलेला.

तू काय बोललास ते मला अयूबभाऊंनी सांगितलं. गोंडपिपरीचे मंडपवाले, तुझ्या लग्नालाही त्यांचाच मंडप होता. ते तुमच्या खुर्च्यांमागे बंद पडलेला कूलर खटपट करून चालू करत होते. इतके दिवस बोलले नाहीत. पाळ कापल्याचं ऐकलं तेव्हा घरी आले, चहाला हात लावला नाही, आणि जमिनीकडे बघत सांगितलं. तू म्हणालास, "साहेब, आटपून घ्या. मी इथे बसलो आहे तोवर हे लोक बोलणार नाहीत." हेमराज, हे कलेक्टरला माहीत नव्हतं. कंपनीवाल्यांना माहीत नव्हतं. बापूजींनी ज्याला पाळीवर बसवून रीत शिकवली त्यालाच माहीत होतं. देवानंद तुला घरचा भेदी म्हणतो आणि मी त्याला गप्प करते, बहीण आहे म्हणून. पण मले एक सांग, बापूजीनं शिकवलेलं तू त्याईले काऊन देऊन टाकलं? विकलं असतं तर त्याले काई मोल तरी राह्यलं असतं. तू तं फुकट देल्लं.

पाणी उतरल्यावर गाळात शेवटची मासोळी राहिली होती. जाळ्याची गरज पडली नाही, बाया टोपल्यांनी उचलत होत्या. पाळीचा जो तुकडा उरला आहे त्यावर काकांनी वाटे लावले आणि नावं घ्यायला सुरुवात केली. मला वाटलं तुझं घेणार नाहीत. देवानंद तर कमरेवर हात ठेवून उभाच होता की घेतलं तर बघतो. काकांनी घेतलं, दर वेळी घेतात तशाच आवाजात, बापूजींच्या नावासकट. मी उठले नाही. मंगली माझ्याकडे बघत होती, पण तिला तो उचलता येत नाही, घरचं माणूस लागतं. माझा वाटा मी तिच्या टोपलीत टाकला. तुझा तिथेच उन्हात पडून राहिला आणि मग कुत्र्यांनी ओढून नेला. काका बघत होते.

आता काम लिहिते. पलीकडच्या गावची संस्था आपल्या लोकांना त्यांच्या तलावात सामावून घ्यायला तयार झाली आहे, पण आपल्याकडे आज जेवढी नावं आहेत तेवढीच, वर एकही नाही. तो तलावही खाणीच्या नकाशात आहे म्हणतात. खरं काय ते तुला ठाऊक असेल, मी विचारत नाही. जितके दिवस मिळतील तितके. मंगलीचं नाव नाही आणि तुझं आहे. तुझ्या जागी तिला घ्या म्हणून मी काकांच्या दारात जाऊन बसले, ते ऐकत नाहीत. जिवंत माणसाचा वाटा दुसऱ्याला काढून देता येत नाही, त्याने स्वतः नको म्हणावं लागतं, पाळीवर उभं राहून किंवा आपल्या हाताने लिहून. आता पाळ म्हणावी अशी राहिली नाही. म्हणून तू लिही. मले वाटा नको, मंगलीले द्या, एवढंच, आणि खाली तुझं नाव. तू लिहिशील असं मला वाटत नाही. हा कागद तू टेबलावर ठेवशील आणि बघशील. मंगली मात्र रोज विचारते, म्हणून लिहिलं. फोन नको करू, तुझा आवाज ऐकला तर काका पुन्हा तुझ्याच भरवशावर बसतील. आमच्यानं तुझ्या तोंडावर नाई म्हणवलं नाई, हे तुले ठाऊक होतं. आता तू म्हन. पत्ता घातलेला लिफाफा सोबत ठेवला आहे.

तुझीच,
बाई