दवाखान्याबाहेरचा बाक

निमगाव केतकी,
२० जानेवारी २०२५

ती. मनिषाअक्कास,
विजयमालाचा नमस्कार.

इकडे सगळे मजेत. समर्थची दहावीची सराव परीक्षा चालू आहे, म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं चालू आहे. राजनंदिनीच्या लग्नाची पत्रिका मिळाली. मावशी म्हणून माझं नाव ठळक छापलंस, बरं वाटलं.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. अक्षर वेडंवाकडं आलंय. दोन दिवस लागले एवढ्याला.

मागच्या महिन्यात मी एकटीच एसटीनं बारामतीला गेले. तुला कळवलं नाही. तिथं डॉक्टर अल्फिया म्हणून सांध्यांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी माझा एकेक सांधा दाबून पाहिला आणि विचारलं, "ताई, तुम्हीच सांगा, सकाळी उठल्यावर काय होतं?" तीन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी आधी मागं वळून पाहिलं, तू उत्तर देशील म्हणून! मग जे रडू फुटलं ते थांबेना. त्यांनी घाई केली नाही.

नंतर त्यांनी, तू मला न्यायचीस त्या इंदापूरच्या दवाखान्यातली जुनी फाईल चाळली. एका कागदावर थांबल्या, आणि इंग्रजीत लिहिलेलं मला मराठीत सांगितलं. 'बहिणीच्या विनंतीवरून रक्ततपासणी केली नाही. त्रास मनाचा आहे, असं बहीण सांगते.'

दर खेपेला तू म्हणायचीस, "विजू, तू भाईर बस. गोळ्या कवा घ्यायच्या ते इचारून येते." मी बाकावर बसून शेजारच्या बायकांना सांगायचे, बहीण असावी तर अशी. केसानं गळा कापलास गं माझा.

का कापलास तेही कळतं. तेव्हा राजनंदिनीला स्थळं बघायला लागली होतीस. मावशीला असला आजार म्हटल्यावर पाहुणे बिचकतात. पण मला सांगायचं होतंस. मी तोंड शिवून बसले असते, औषध तरी घेतलं असतं. आता संधिवात निघालाय. उजव्या हाताची वाकलेली दोन बोटं सरळ होणार नाहीत. बाकीची वाचवू म्हणाल्या.

हे सगळं गिळून मी लग्नाला आले असते. पण संक्रांतीला राजनंदिनी इथं आली होती. आम्ही तिळाचे लाडू वळायला बसलो. दोन लाडू झाले आणि तिनं हात पदराखाली घेतले. मी काही विचारलंही नव्हतं.

"मावशे, सकाळी बोटं मिटत न्हाईत माझी. आई म्हणती, लगीन होस्तोवर कुणाला सांगू नगं."

अक्का, स्वतःच्या लेकीलाही?

शुक्रवारी अकराची वेळ घेतली आहे. तिला मी घेऊन जाणार. तुला यायचं तर ये, पण आत ती बोलेल. तू बाहेर बस. बाक तिथंही आहे. टोचतो, पण सवय होते.

एरवी शेवटी 'तुझी' लिहिते. आज नुसतीच,

विजयमाला