मोठा ड्रम जमिनीवर

प्रिय दादा,

परवा फोनवर तू विचारलंस, ड्रम विकत घ्यायची ही वेळ आहे का. मी म्हटलं, आहे. त्यावर तू 'बरं' म्हणालास. तुझ्या त्या 'बरं'नंतर आजवर कुणाला पुढे बोलता आलेलं नाही. वहिनीलाही येत नसणार. म्हणून लिहिते आहे. आई आत आडवी झाली आहे आणि मी तिच्या शिलाई मशीनवर झाकण टाकून त्याचं टेबल केलं आहे. खाली पायाने हलवायचा पायटा आहे. लिहिताना पाय आपोआप हलतो आणि मशीन करकरतं. आत्ताच आतून आवाज आला, "काय शिवतेस गं?" मी म्हटलं, पत्र. "मग टाके जवळ घाल," ती म्हणाली. एका जागी बसत नाही म्हणून तू मला खुडबुडी म्हणायचास. त्यात काही सुधारणा नाही. हे पत्र एका बैठकीत व्हायचं नाही.

तू पाठवलेली त्या संस्थेची माहिती आम्ही दोघींनी वाचली. बाग आहे, रात्रंदिवस नर्स आहे, जिन्याला दोन्हीकडून कठडे आहेत. आई म्हणाली, "बाग छान दिसते. पण बागेत जायला चालायला नको का?" तुझं म्हणणं मला मान्य आहे. ती स्वतःच्या पायांनी चालती राहिली तर घरी राहील, नाहीतर तिकडे. ती पडली त्या दिवशी मला एकटीला तिला उचलता आलं नाही. खालच्या मास्तरांना हाक मारावी लागली. पण तू मागच्या खेपेला आलास तेव्हा तिचा थरथरता हात पाहून गेलास. कंपवातात थरथर ही सोपी गोष्ट. अवघड आहे ते अडकणं. ती दारापाशी येते आणि पाय जमिनीला चिकटतात. वरचं अंग पुढे निघालेलं असतं, पाय निघत नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात ती अशीच पडली. व्यायाम शिकवायला येतात त्या बाई म्हणाल्या, चालताना त्यांना ठेका द्या, कधीकधी पाय सुटतात. मी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "आता मला नाचायला लावणार का?" मग फोनवर टिकटिक लावली. तिला वाटायचं, कुणीतरी मागे उभं राहून हिशेब मागतंय. दोन्ही बंद केलं.

ड्रम मी तिच्यासाठी घेतला असं तुला वाटू नये. माझ्यासाठी घेतला. ती पडल्यापासून तिला एकटं सोडता येईना, आणि सरावाचा हॉल गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी ज्यांच्याबरोबर वाजवायचे त्या दोन ग्रुपनी दुसरा ड्रमर पाहिला. ते भांडले असते तर बरं वाटलं असतं, पण फार समजूतदारपणे पाहिला. मी उशीवर काठ्या वाजवत बसायचे. उशी सगळं ऐकून घेते, उत्तर देत नाही. तेव्हा ठरवलं की घरी सराव करायचा, घरीच रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. आईला घेऊनच दुकानात गेले. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, वर-खाली बिऱ्हाडं आहेत ना? मग प्रश्नच नाही." त्याने इलेक्ट्रॉनिक सेट दाखवला. रबराच्या थाळ्या, आवाज सगळा हेडफोनमध्ये, बाहेर फक्त टकटक. शहाणपणाचं तेच होतं आणि मीही तेच घ्यायला गेले होते. खुर्ची नव्हती म्हणून त्याने आईला ड्रमच्या स्टुलावर बसवलं. तिचा पाय पेडलवर गेला. मशीनवर जायचा तसा, न बघता. तिने दोनदा दाबलं. "गादीत पाय घातल्यासारखं आहे," ती म्हणाली. दुकानदाराने समजावलं, "आजी, आवाज हेडफोनमध्ये येतो." आई म्हणाली, "मी आवाजाचं कुठे बोलतेय?" तो जरा गोंधळला. कोपऱ्यात एक जुना लाकडी सेट होता, कुणीतरी विकून गेलेला. चारच ड्रम, लाल रंग कडांना उडालेला. आईने त्याचं पेडल दाबलं. मोठा ड्रम धप्प वाजला आणि काउंटरची काच हलली. आई म्हणाली, "हां." तो घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण हे मला कळत होतं. घेतला.

उठले होते. दूध गॅसवर होतं.

मशीनची खोली ड्रमला दिली. मशीन बाहेर आलं, कपाट तिथेच राहिलं. मोठा ड्रम मध्ये, छोटा स्नेअर ड्रम गुडघ्यांच्या बेचक्यात, हायहॅट म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी डाव्या पायाशी, बाकीच्या झांजा जरा खाली घेतल्या. मांडला, मोडला, पुन्हा मांडला. खिडकीकडे तोंड केलं तर रस्ता ऐकायचा, भिंतीकडे केलं तर आवाज परतून कानात घुसायचा. शेवटी तिरका ठेवला. रिकाम्या खोलीत प्रत्येक ठोक्याला शेपूट येत होतं, तेव्हा आईने गठ्ठे सोडायला लावले. उरलेली अस्तरं, गिऱ्हाइकांनी न नेलेले पडदे, कोटाचं जाड कापड. सगळं भिंतींना टांगलं. आवाज कोरडा झाला. दोन माइक घेतले, एक डोक्यावर, एक मोठ्या ड्रमच्या तोंडाशी. आई स्टुलाशेजारच्या खुर्चीत बसून बघत होती. "एवढं करून वाजवणार ठोकाठोकीच," म्हणाली. पण ती आतल्या खोलीतून उठून, मधलं दार ओलांडून तिथपर्यंत आली होती. मी तेव्हा पेडल बसतंय का ते बघत नुसता मोठा ड्रम वाजवत होते. ती न अडकता आली हे मला तिला खुर्चीत बसलेलं पाहून लक्षात आलं. योगायोग म्हणून सोडून दिलं, पण पुढेही मी वाजवत असले की ती अडकेना.

तिसऱ्या दिवशी मास्तर वर आले. तू त्यांना ओळखतोस, तीस वर्षं भूगोल शिकवला. म्हणाले, "माझ्या बशा फळीवरून स्थलांतर करायला लागल्या आहेत." आपली जमीन लाकडी फळ्यांची, ठोका सरळ खाली जातो. मला लाज वाटली. सुताराकडून प्लायवुडच्या दोन फळ्या आणल्या, मधे टेनिसचे चेंडू अर्धे कापून बसवले, सगळा सेट त्या ओट्यावर चढवला. ड्रमवाले घरोघरी हेच करतात. मास्तर खाली जाऊन ऐकून आले. "आता दुसऱ्या खंडात गडगडतंय," म्हणाले. मी खूश. आणि त्याच आठवड्यात आई पुन्हा अडकायला लागली. मी वाजवत असतानासुद्धा. आवाज तोच, मी तीच, दार तेच. मला काही उमगेना. आईच दाराला धरून उभी राहून म्हणाली, "तू ते उचलून ठेवल्यापासून जमीन गप्प झालीय."

मी मोठा ड्रम ओट्यावरून खाली काढला. त्याच्या पायांचे दोन खिळे जमिनीच्या फळ्यांत रुतवले आणि सरळ, संथ, एकेक ठोका वाजवला. तिने पाय उचलला. टाच आधी, मग चवडा. दार ओलांडलं, बोळ ओलांडला, बाथरूमपर्यंत गेली आणि आतून कडी लावली. दादा, कित्येक दिवसांनी तिने आतून कडी लावली होती. मी बाहेर ड्रमपाशी बसून होते आणि मला रडायचंही सुचलं नाही, कारण ती परत येणार होती.

मास्तरांना वर बोलावलं. काही सांगितलं नाही, तिचं जाणं-येणं दाखवलं. ते खाली गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "बशा कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. वाजव." आता एखाद्या सकाळी उशीर झाला तर खालून छताला काठी लागते आणि खिडकीतून आवाज येतो, "आज बाईंची स्वारी निघाली नाही का?" आई खिडकीकडे तोंड करून सांगते, "मास्तर, बँड अजून दात घासतोय."

यात माझा सराव होतो का, असं तू विचारशील. होतो. पूर्वी मला वेगाची फार घाई असायची. आता सकाळ-संध्याकाळ तिच्या पायाच्या चालीने वाजवते. ती चाल रोज वेगळी असते. औषध चढलं की जलद, उतरलं की मंद. मधल्या वेळात माझं काम. एका गिटारवाल्या गायकाने गाणं पाठवलं होतं, त्यावर ड्रम वाजवून रेकॉर्ड केलं. त्याचा फोन आला. "ते मागे सर्र सर्र काय वाजतंय? कसला शेकर आहे?" मी पुन्हा ऐकलं. आईची चप्पल होती. मी वाजवत असताना ती बोळातून फेरी मारून आली होती, पाय ओढत, नेमकी ठोक्यावर. मी म्हटलं, काढून टाकते. तो म्हणाला, "वेडी आहेस का? ठेव." आईला ऐकवलं. तिने दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "डावा पाय जास्त घासतोय."

पुन्हा उठले होते. आता बसते आणि संपवते.

त्या गायकाचा दौरा आहे, चार महिने, पुढच्या महिन्यापासून. त्याला मी हवी आहे. इतकी वर्षं मी कुणाच्या तरी जागेवर वाजवलं, कुणी आजारी पडलं म्हणून, कुणी आलं नाही म्हणून. हे पहिल्यांदा माझं आहे. आणि इथंच घोडं पेंड खातं. मी ठोके रेकॉर्ड करून मोठ्या स्पीकरवर लावून पाहिले, स्पीकर जमिनीवर ठेवला. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी ती मंद होती आणि ठोके मंद नव्हते. स्पीकरला डोळे नाहीत. दौऱ्यासाठी म्हणून आत्ताच दिवसभराच्या एक बाई ठेवल्या आहेत, अंघोळ, औषध, जेवण सगळं नीट बघतात, पण पेडलवर बसवलं की त्यांना हसू येतं आणि हसता हसता ठोका जातो. मी आईला सांगितलं, नाही म्हणून कळवते. ती भडकली. "का? मी काय तुझ्या ढोलाला बांधलेली आहे?" मग म्हणाली, "दादाला लिही. फोनवर तो बोलू देत नाही. उंटावरून शेळ्या हाकतोय, त्याला म्हणावं, जरा खाली उतर."

तर दादा, मी त्या गायकाला हो म्हटलं आहे. तुला विचारण्याआधी. तू ये. चार महिने इथे राहा. तुझं काम कॉम्प्युटरवर चालतं, कुठूनही होतं असं तूच सांगतोस. तिला तुझ्याकडे नेऊन उपयोग नाही, तुझ्या घरी फरशी आहे. स्टूल मी तुझ्या उंचीला वर करून ठेवते. हातांचं काम नाही, फक्त उजवा पाय. तुला ताल नाही हे मला माहीत आहे, आईलाही माहीत आहे. ती म्हणाली, "त्याला माझ्या पायाकडे बघता येईल ना? मग झालं." तिच्या तोंडाकडे बघू नकोस, तिथे भीती दिसते. टाचेकडे बघ. टाच उचलली की दाब, जोरात नाही, जमिनीला कळेल इतकंच. कधी ती दारात अडकेल. तेव्हा आपलाही पाय आपोआप थांबतो. माझा थांबला होता. तसं करू नकोस. ती थांबली तरी तू वाजवत राहा.

तुझीच,
खुडबुडी