कुलूप न तोडता उघडून मिळेल

लिहून ठेवणार मी, वय वर्षे एक्कावन्न, धंदा कुलूपकिल्लीचा, पूर्ण शुद्धीवर असून हे कुणाच्या धाकाने किंवा भिडेने लिहीत नाही. भिडेने लिहायचे असते तर थोरल्या भावाचे नाव सर्वांत वर आले असते. डॉक्टरांनी उरलेले महिने सांगितले, ते मोजायला एका हाताची बोटे पुरली. म्हणून हे माझे शेवटचे मृत्युपत्र. याआधी एकही केले नव्हते, पण ‘शेवटचे’ लिहावे लागते असे वकील म्हणाले.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर, आणि दुकान, माझ्या एकुलत्या एका मुलीस देतो. तिचे वय आज सोळा. परवापर्यंत सात वर्षे या घरातल्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. सात वर्षांपूर्वी तिची आई न्हाणीघरात कडी लावून आत पडली आणि गेली, त्याच आठवड्यात मी सगळ्या कड्या उपसून काढल्या. तेव्हापासून घरचा नियम असा, की न्हाणीघरात जो असेल त्याने आवाज चालू ठेवायचा. मुलीने आधी पाढे म्हटले, मग सिनेमातली गाणी, हल्ली परीक्षा आली की रसायनशास्त्राची सूत्रे. मी बाहेर खुर्ची टाकून किल्ली घासत बसतो. आतला आवाज थांबला की माझी कानस थांबते, आणि आतून ओरडा येतो, “बाबा, जिवंत आहे मी! तोंडात फेस गेलाय!” माझा आवाज गाढवाला लाजवील असा, पण माझ्या आंघोळीला मीही गायलो. नियम म्हणजे नियम.

२. बँकेत जे असेल ते तिच्या शिक्षणाला. त्यातून कुणीही तिचे लग्न उरकू नये.

३. थोरल्या भावास काहीही नाही. बायकोला पोचवून परतताना तो चारचौघांत म्हणाला होता, “जगाची कुलपं उघडतो, आणि स्वतःची बायको बंद दारामागं मेली.” वाक्य खरे होते. पण खरे बोलल्याबद्दल वाटा मिळतो असा कायदा नाही. आता तो “पोरीला आमच्याकडे ठेवू” म्हणतो तेव्हा त्याची नजर माझ्या दुकानावर असते. मुलीचा ताबा त्याला देऊ नये.

४. मुलगी सज्ञान होईपर्यंत तिचे पालक म्हणून समोरच्या घरातला सुतार व त्याची बायको यांना नेमतो. हे वाचून गल्ली तोंडात बोटे घालील, कारण मी या माणसाशी सात वर्षे बोललेलो नव्हतो. म्हणून कारण लिहून ठेवणे भाग आहे.

त्या दिवशी मी एका कचेरीत तिजोरी उघडत होतो. तिजोरी कानाने उघडावी लागते, म्हणून फोन बंद होता. बायको पडल्याचा आवाज ऐकून मुलगी सुताराला बोलवायला धावली. तो पटाशी घेऊन आला. तिजोरी उघडल्यावर मला निरोप मिळाला, आणि ती पडल्यापासून चाळीस मिनिटांनी मी पोचलो तेव्हा तो दारापाशी नुसता उभा होता. मी लाथा घालून दार पाडले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “अर्धा तास आधी आणलं असतं तर,” आणि पुढचे गिळले. मी तिथेच सुताराची गळपट्टी धरली. “हातात हत्यार असून बघत राहिलास? दोन घाव घालायचे होते!” तो म्हणाला, “चुकलं माझं.” मी त्याला खांब म्हणू लागलो. नाव गल्लीत असे रुजले, की त्याची मुले शाळेतून रडत येत. मला त्याचे वाईट वाटले नाही.

गेल्या महिन्यात मुलीने आपल्या खोलीला कडी मागितली. “सोळा वर्षांची आहे मी, बाबा. कपडे बदलताना पाढे म्हणू का?” मी म्हणालो, “कडी नसती तर आई असती. निदान शेजारी तो खांब नसता तरी असती.” तेव्हा ती म्हणाली,

“काका दार फोडतच होते, बाबा. मीच त्यांच्या हाताला लोंबकळले, सोडलंच नाही. आई आतून कण्हत होती, मला वाटलं वेळ आहे. मी म्हटलं, फोडू नका, बाबा येतील, न तोडता उघडतील. मग आईचा आवाज थांबला.”

हे ती कुठे शिकली ते मला कुणी सांगायला नको. दुकानाच्या पाटीवर लिहिले आहे, ‘कुठलेही कुलूप न तोडता उघडून मिळेल.’ मी तिला अक्षरओळख त्याच पाटीवर करून दिली. तोडतो तो चोर, उघडतो तो कारागीर, हे तर मी तिला जेवताना भरवले.

मी रस्ता ओलांडून गेलो. “सात वर्षं का बोलला नाहीस?” सुताराने रंधा थांबवला नाही. “नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवायचं होय हे? मला शिव्या पचतात,” म्हणाला.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा नियम आहे, व सुतार या मृत्युपत्राला साक्षीदार आहे. म्हणून त्याची मी फक्त माफी मागतो. माफी ही मालमत्ता नव्हे, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

५. दुकानाची पाटी माझ्या देखत उतरवून सुताराने तिच्या फळ्या कराव्यात.

६. मुलीस पुढील गोष्ट घराइतकीच पक्की करून देतो. आतल्या कडीला किल्लीचे भोक नसते. मी पाचव्या मिनिटाला आलो असतो तरी मला दार फोडावेच लागले असते. हे मला ठाऊक होते, तुला कुणी सांगितले नव्हते. पाटीवरचा ‘कुठलेही’ हा शब्द मी गिऱ्हाईक यावे म्हणून घातला. तो खोटा होता. माझी मुलगी म्हणून तू त्यावर विश्वास ठेवलास. दोष माझा आहे, आणि तो मी कुणालाही वारशाने देत नाही.

७. काल तिच्या खोलीला आणि न्हाणीघराला कडी बसवली. भोके सुताराने पाडली, स्क्रू मी आवळले, शेवटचे दोन तिने. मग ती न्हाणीघरात गेली आणि कडी लावली. आतून काही आवाज येईना. मी खुर्चीचे हात धरून बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “बाबा, गाणं म्हणू का?” मी म्हणालो, “नको.”

८. सर्व हत्यारे मुलीस. त्यांत एक पहार आहे. तीस वर्षांच्या धंद्यात मी पहारीला हात लावला नव्हता, ही परवा विकत आणली. ती न्हाणीघराबाहेर खिळ्याला टांगली आहे, तिथेच राहावी. आत कुणी असेल आणि आवाज आला नाही, तर दोनदा हाक मारावी. उत्तर आले नाही तर दार फोडावे. माझी वाट बघू नये.

ठिकाण: राहते घर, न्हाणीघरासमोरची खुर्ची.
दिनांक: अकरा मार्च.

लिहून ठेवणार: कुलूपवाला (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर (सही). लिहिणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे, हे मी तपासले आहे.

साक्षीदार दुसरे: समोरचा सुतार (सही). सहीखाली त्याने स्वतःहून ‘खांब’ असे लिहिले होते. ते मी माझ्या हाताने खोडले आहे, ती खाडाखोड मान्य धरावी.