दगडावरचं गाव

मी, सुदाम रावजी जमधाडे, वय एकाहत्तर, निवृत्त अभियंता, राहणार ब्राउनश्वाइग, जर्मनी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल पत्नी नीला हिचं मत वेगळं असेल, पण ते चाळीस वर्षं वेगळंच आहे. इथल्या कायद्याने सगळं स्वतःच्या हाताने लिहावं लागतं, तेव्हा मुलगी प्राची हिने अक्षराला नावं ठेवू नयेत.

१. घर आणि बचत नीलाची. तिच्या पश्चात प्राचीची.

२. एल्मेटवरच्या टिपणांची चार खोकी. चौदाशे वर्षांपूर्वी, इंग्लंडमधल्या आजच्या लीड्सच्या आसपास, ब्रिटन लोकांचं हे चिमुकलं राज्य होतं. समुद्रापलीकडून आलेल्या अँग्ल लोकांनी त्याचा शेवटचा राजा सेरेटिक याला हाकलून ते गिळलं. नीला या राज्याला सवत म्हणते. तिने खोकी आल्टपापियरच्या, म्हणजे रद्दीच्या, डब्यात टाकली तरी तक्रार नाही. तेवढा तिचा हक्क आहे.

३. भिंतीवरचा नकाशा ड्युसेलडॉर्फच्या माझ्या मित्राला, जयंताला. राज्य सापडलं का, असं तो दर चौदा एप्रिलला जेवताना विचारतो. सीमा पेन्सिलीने आखल्या आहेत, कारण त्या नक्की कुठे होत्या हे कोणालाच माहीत नाही. सोबत खोडरबर द्यावा.

४. माझी रक्षा. इथे ती फ्रीडहोफमध्येच, म्हणजे दफनभूमीतच, पुरावी लागते आणि वर दगड येतो. त्यावर नावाखाली गाव कोणतं, यावरून गेल्या वर्षी प्राचीचं आणि माझं भांडण झालं. वेल्समध्ये एका जुन्या दगडावर कोरलेलं आहे: अलिओर्टस, एल्मेटचा, इथे विसावला आहे. घरापासून इतक्या दूर मेला, तरी गाव नावाला चिकटून राहिलं. तसंच माझं परभणीकडचं गाव माझ्या दगडावर हवं, असा माझा हट्ट होता.

प्राची म्हणाली, "बाबा, ज्या गावाने आजोबांना वेशीबाहेर ठेवलं, त्याचं नाव मी कोरणार नाही. दास माखे इश निश्ट. नाहीच करणार."

मी तिच्याशी तीन महिने बोललो नाही. माझं चुकलं. ती आता क्वचितच येते.

तीस वर्षं त्या दगडाचा अभ्यास करून एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. अलिओर्टसने तो स्वतः कोरला नाही. तो कुठला, हे त्याला पुरणाऱ्यांनी ठरवलं. म्हणून गाव प्राचीने ठरवावं. ब्राउनश्वाइग लिहिलं तरी चालेल, जागा कोरी ठेवली तरी चालेल. तिने त्या दगडापाशी येत राहावं, एवढंच मला हवं आहे.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

साक्षीदार (दोघेही शेजारी): १. केतन ओव्हाळ २. ईप्सिता ओव्हाळ

सही: सुदाम रावजी जमधाडे
ठिकाण: ब्राउनश्वाइग
दिनांक: ३ फेब्रुवारी २०२५