खालून येणारा गारवा

रविवार, संध्याकाळ. काचीगुडा.

जमलं! पाठ गार पडली नाही.

गेल्या वेळी आमचा बायकांचा ग्रुप अनंतगिरीच्या डोंगरात मुक्कामाला गेला, तेव्हा झाडांना बांधलेल्या हॅमॉकच्या झोळीत अंगावर दोन शाली घेऊनही माझी पाठ बर्फ झाली होती. गारवा खालून येतो, हे कुणाला ठाऊक? दुकानातली हवा भरायची गादी महाग, शिवाय ती अंगाखालून निसटते म्हणे. म्हणून गौलीगुड्यातून एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो फोम चटईसाठी आणला. पण माप घेतलं फरशीवर झोपून. कशी गं मी! हॅमॉक दोन्ही बाजूंनी खांद्यांना लपेटतं, नेमका तिथेच फोम अपुरा पडला. आज उरलेल्या तुकड्यांचे दोन पंख कापले आणि गोधडीसारखे धावते टाके घालून जोडले. उलटसुलट घड्या घातल्या, तर अख्खी चटई माझ्या शबनम पिशवीत बसली!

मग परीक्षा. गच्चीवर हॅमॉक बांधलं, त्याच्या खालीच पाणी भरलेला कूलर लावला. हे खुर्ची टाकून मजा बघत बसले. "हौ, बाई चालल्या हिमालयात!"

अर्धा तास पडून राहिले. पाठ? मस्त ऊबदार.

उतरले आणि म्हटलं, आता तुम्ही झोपून बघा. हे झोपले. मी चहा घेऊन आले तरी उठायला तयार नाहीत. डोळे मिटूनच विचारलं, "तुमच्या ग्रुपमध्ये पुरुष चालतात का?"

म्हटलं, चालतात. पण आपली चटई आपण शिवायची.